राखेचे दोन रंग

"हा कुठचा राखाडी? हा तं मेलेला राखाडी होय!" मयुरीने ब्रश डबीत आपटला आणि प्रवीणच्या नव्या शर्टावर थेंब उडाले.

"आन् तुह्यावाला काय जिता होय का?" प्रवीण ओरडला.

आलापल्लीच्या वाटेवरच्या त्या गावात दुसऱ्या दिवशी मंडई होती. मंडई म्हणजे घरोघरी पाहुणे, रात्री नाटक, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती बघून नाकं मुरडणं. म्हणून समोरच्या मातीच्या खोलीला यंदा पहिल्यांदाच विकतचा रंग द्यायचा होता. प्रवीणने नमुन्याच्या दोन डब्या आणून भिंतीवर दोन पट्टे ओढले आणि घरात आग लागली. एक पट्टा चुलीतल्या राखेसारखा, दुसरा त्याच चुलीतल्या कालच्या राखेसारखा. आता यावर काय डोंबल भांडायचं? पण भांडत होते.

मयुरीचा जीव मात्र खरंच त्या भिंतीत अडकला होता. लग्न होऊन आल्यापासून या घरात साधी खुंटीसुद्धा तिला विचारून ठोकली नव्हती. उद्या तिच्या माहेरची माणसं येणार होती.

"एक भित तरी माह्या मनाची होऊ द्या ना!" ती म्हणाली.

दारात बसलेली सासू, गुणाबाई, कंटाळून बोलली, "बाप्पा, दोन्ही सारखेच तं दिसून राह्यले. कोनताबी मारा."

"आई, तुले काय समजते त्यातलं!" प्रवीण खेकसला. मयुरीनेही जोरात मान हलवली. तेवढ्यापुरतं नवरा-बायकोचं एकमत झालं.

गुणाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दरवर्षी मंडईच्या आधी पांढऱ्या मातीचा हात देऊन या खोलीच्या भिंती कोण पोतत होतं? ती दोन रिकाम्या टोपल्या उचलून तणतणत निघून गेली. न्याय करायला आलेल्या शेजारच्या झिंगूला कोणता पट्टा कोणाचा तेच कळेना, त्यालाही दोघांनी हाकललं. एवढ्यात दिवस मावळला. रंगाचा मोठा डबा जिथून आणायचा ते दुकान बंद झालं.

"झालं तुह्या मनासारखं?"

"माह्या मनासारखं या घरात कधी झालं?" मयुरीने रागारागाने डोळे पुसले.

तेवढ्यात गुणाबाईने दोन टोपल्या धाडकन अंगणात आदळल्या.

"रडून काऊन राह्यली? ही तलावाची माती, ही नाल्याची. कोनती पोताची ते तूच सांग."

मयुरी उकिडवी बसली, दोन्ही माती तळहातावर ओली करून चोळली. "नाल्याची. तलावाची वाळल्यावर पिवळी पडते."

"माह्या मनात तलावाचीच होती," गुणाबाई फणकारली. "पन भिजव नाल्याची."

प्रवीणने वाकून दोन्ही टोपल्यांत डोकावलं. "पन आई, दोन्ही सारख्याच तं दिसून राह्यल्या!"

दोघी एकदम वळल्या.

"तुले काय समजते त्यातलं!" गुणाबाई कडाडली.

"पानी आना तुमी," मयुरीने त्याच्या हातात बादली कोंबली.