वेरिबीचे परवाना-स्थलांतर शिबिर

कोणत्याही देशाची प्रगती मोजायची असेल, तर तिथली नीट चालणारी जुनी पद्धत किती तडकाफडकी बंद होते ते पाहावे. मी पुण्यातल्या एका भूमापन कार्यालयात हयात घालवली आहे, त्यामुळे या बाबतीत माझ्या मताला थोडे वजन आहे असे मी धरून चालतो. आमच्याकडे एखादा अर्ज गहाळ व्हायचा तर एक शिपाई, दोन कारकून, एक कपाट आणि गळके छप्पर एवढी सामग्री लागे. ऑस्ट्रेलियात हे काम आता ऑनलाइन होते. माणूस लागत नाही.

माझे नाव पद्माकर. मेलबर्नच्या पश्चिमेला, वेरिबीत, मुलगी यामिनी आणि जावई अवधूत यांच्याकडे मी राहतो. यामिनी मॉर्गेज ब्रोकर आहे. म्हणजे लोकांना घर घ्यायचे असते, बँकेला कर्ज द्यायचे असते आणि तरीही दोघांचे जमत नसते, तिथे ती मध्ये उभी राहते. या कामाला परवाना लागतो. अवधूत आयटीत आहे. सगळे रामायण त्यातूनच घडले.

पूर्वी परवान्याचे काम मॉरीन नावाच्या एक बाई पाहत. यामिनीने फोन केला की त्या तिला 'लव्ह' म्हणत, माझ्या गुडघ्याची चौकशी करत आणि बोलता बोलता नूतनीकरण करून टाकत. ही पद्धत जोखमीची आणि कालबाह्य असल्याचे परवाना कार्यालयाच्या परिपत्रकात सौम्य शब्दांत नमूद केले होते. (तीत उत्तर मिळत असे.) सबब, सर्व ब्रोकरांचे नव्या पोर्टलवर स्थलांतर करण्याचे ठरले. मॉरीनबाईंचेही स्थलांतर झाले. त्या आता घरी असतात.

नव्या व्यवस्थेचे फायदे परिपत्रकात क्रमवार दिले होते. मी चष्मा पुसून ते दोनदा वाचले.

एक: अर्जदाराला कोठेही जावे लागणार नाही. (कार्यालयाचा पत्ता काढून टाकला होता, त्यामुळे हे आश्वासन पूर्णपणे पाळले गेले.)

दोन: सेवा चोवीस तास उपलब्ध राहील, देखभालीचा काळ वगळून. (देखभाल चालू होती.)

तीन: मदतीसाठी चॅटची खिडकी असेल. (ती प्रत्येक अडचण ऐकून घेते आणि 'नो वरीज!' म्हणते.)

चार: एका माणसाचा एकच फोन नंबर, आणि एका फोन नंबरचा एकच माणूस.

चौथ्या कलमाकडे कोणी लक्ष दिले नाही. ते लिहिणाऱ्याने जन्मात मराठी कुटुंब पाहिले नसावे.

आता अवधूतबद्दल. तो एका कंपनीत पगाराच्या सॉफ्टवेअरची चाचणी घेतो. कोणाचा पगार चुकून जास्त निघाला तर तो पकडतो. एवढेच त्याचे काम. पण आपल्या लोकांत आयटीवाला म्हणजे आयटीवाला. वायफाय, प्रिंटर, पासपोर्ट, व्हिसा, टीव्हीचा रिमोट आणि मुलांचा युनिव्हर्सिटी-प्रवेश, यांतले त्याला येत नाही असे काही असू शकते हे कोणी मान्यच करत नाही. त्यात अवधूतला 'नाही' म्हणता येत नाही. पुण्याहून कोणी नवे आले की पहिले काही आठवडे ते आमच्याकडे उतरतात. अवधूत त्यांचे बँकेचे खाते उघडतो, टॅक्सचा नंबर काढतो, मेडिकेअर या सरकारी आरोग्ययोजनेत नाव घालतो. त्यांच्याकडे इथला फोन नसतो, म्हणून नंबर स्वतःचा देतो. तात्पुरता.

'तात्पुरता' हा शब्द मला चांगला माहीत आहे. आमच्या कार्यालयावर घातलेले तात्पुरते पत्रे मी निवृत्त झालो तेव्हाही तिथेच होते.

त्यामुळे आमच्याकडे जेवताना दर दोन घासांना अवधूतचा फोन वाजतो. मग कोणाचा तरी फोन येतो, "दादा, ओटीपी आला का?" आणि तो डाव्या हाताने आकडे वाचून दाखवतो. लोक याला मदत म्हणतात. मी त्याला विनावेतन शासकीय सेवा म्हणतो. जावई म्हणून मला त्याचा अभिमान आहे. त्याची पोळी मात्र रोज गार होते.

मराठी माणसावर सामुदायिक संकट आले की तो शिबिर भरवतो. पश्चिमेकडच्या उपनगरांत यामिनीच्या ओळखीचे तिच्यासकट बारा मराठी ब्रोकर होते. 'परवाना-स्थलांतर शिबिर' असा बॅनर झाला, आमच्या गॅरेजमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या, मिसळीचा बेत ठरला. टोकन वाटण्याचे काम माझ्याकडे आले. या देशात आल्यापासून माझ्या अनुभवाची पहिल्यांदाच दखल घेतली गेली, आणि खरे सांगतो, मला भरून आले. मी विश्राम नावाच्या ब्रोकरला पाचवा नंबर असताना सातव्यावर पाठवले, कारण टोकनपद्धत चालू आहे हे लोकांना जाणवले पाहिजे.

अडचण एवढीच आली की आमच्या गॅरेजला पत्रा आहे. आत कोणाच्या फोनला रेंज मिळेना. पोर्टल ओटीपी पाठवी, तो मिनिटभर जगे आणि मरे. रविंद्र फोन उंच धरून रस्त्यापर्यंत पळाला, परत येईपर्यंत ओटीपी गेला होता. शोभाताई रेंजसाठी पाणी तापवायच्या बंबावर चढायला निघाल्या. फक्त अवधूतच्या फोनला रेंज पूर्ण होती, कारण तो ऑफिसने दिला होता.

"थांबा, थांबा, पळापळ करू नका," अवधूत म्हणाला. "तात्पुरता माझाच नंबर टाकतो सगळ्यांना. नंतर बदलू."

टाळ्या झाल्या. त्यानंतर सगळ्यांचे अर्ज मिसळ गरम असतानाच आटोपले. जाताना विश्राम म्हणाला, "मेट, तू लेजंड आहेस!" अवधूत लाजला.

सोमवारी बाराही जणांना पोर्टलचे उत्तर आले. (ते सर्व अवधूतच्याच फोनवर आले. सरकारदरबारी त्या नंबरावर त्याचीच नोंद होती.) मजकूर असा होता: 'अभिनंदन, अवधूत! आपली ओळख पटली आहे. आपली यामिनी, शोभा, रविंद्र, विश्राम इत्यादी बारा जुनी नावे एकत्र करण्यात आली असून, एकूण एकशे चार वर्षांचा अनुभव लक्षात घेता आपणास वरिष्ठ ब्रोकर हा दर्जा देण्यात येत आहे.'

अवधूतचे वय एकेचाळीस आहे. पोर्टलला त्यात काही वावगे वाटले नाही. वय आणि अनुभव ही माहिती दोन वेगळ्या पानांवर विचारली होती.

"तुला कुणी सांगितलं होतं सगळ्यांना स्वतःचा नंबर द्यायला?" यामिनीने विचारले.

"अगं, मिसळ गार होत होती."

"सो टेक्निकली, मम इज डॅड नाऊ?" नातू नीलने टोस्ट खाता खाता विचारले. नियमाप्रमाणे ते बरोबर होते.

चूक दुरुस्तीची सोय पोर्टलवर अर्थातच होती. 'मी ही व्यक्ती नाही' असा एक स्वतंत्र अर्जच होता, आणि एका जुन्या कर्मचाऱ्याच्या नजरेने सांगतो, फार देखणा अर्ज होता. यामिनीने तो भरला. आपण अवधूत नाही असे तिने तीन ठिकाणी जाहीर केले. शेवटी खात्रीसाठी ओटीपी पाठवला गेला. तो अवधूतच्या फोनवर आला. तो तिने भरला. पोर्टल म्हणाले: 'धन्यवाद. आपण अवधूत असल्याची खात्री झाली आहे.'

मग तिने नंबर बदलून पाहिला. त्यासाठी जुन्या नंबरधारकाचा चेहरा कॅमेऱ्यासमोर हवा होता. अवधूतने चेहरा दिला. पोर्टलने तो ओळखला आणि यामिनीच्या नावापुढचा फोटो बदलून तिथे अवधूतचा लावला. चॅटच्या खिडकीत तिने सगळी हकीकत लिहिली. खिडकी म्हणाली, 'नो वरीज, अवधूत!'

इथवर मला मौज वाटत होती हे मी लपवत नाही. आमच्या कार्यालयात मृत माणसाला सातबाऱ्यावर जिवंत ठेवणारे लोक होते, पण बारा जिवंत माणसांना एकात बसवणे त्यांनाही जमले नव्हते. त्यानंतर राघव आणि नुपूर आले, आणि माझी मौज संपली.

हे दोघे पुण्याचे. तीन वर्षांपूर्वी आले तेव्हा पहिला महिना आमच्याकडेच होते. नुपूरला सातवा लागलेला. पॉइंट कुकला त्यांनी एक घर पसंत केले होते: मागे लिंबाचे झाड, पूर्वेकडे एक छोटी खोली. पाळणा कोणत्या भिंतीशी ठेवायचा हे नुपूरचे ठरले होते. घराच्या करारात अट होती की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कर्ज मंजूर झाले पाहिजे, नाहीतर मालक घर दुसऱ्याला द्यायला मोकळा. सगळी कागदपत्रे यामिनीने जमवून ठेवली होती. फक्त एका परवानाधारक ब्रोकरने बटण दाबायचे होते. आणि यामिनीकडे परवाना उरला नव्हता. ती अवधूतचे जुने नाव होती. ओळखीच्या दुसऱ्या ब्रोकरकडे जावे, तर तोही अवधूत.

"यामिनीताई, होईल ना गं?" नुपूरने विचारले.

"होणार म्हणजे होणार. अवधूत दाबेल बटण," यामिनी म्हणाली. नियमाप्रमाणे यात काही चूक नव्हती. पश्चिम मेलबर्नमध्ये त्याच्याइतका अनुभवी ब्रोकर दुसरा नव्हता.

शुक्रवारी अवधूतने अर्ध्या दिवसाची रजा काढली. आम्ही सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसलो. राघवने नवा शर्ट घातला होता. यामिनी शेजारून सांगत गेली, अवधूत भरत गेला. उत्पन्न, नोकरी, बचत, सगळे ठीक. शेवटी कर्जदाराच्या खात्रीसाठी राघवच्या बँकेतल्या नंबरवर ओटीपी गेला.

टिंग. अवधूतचा फोन वाजला.

तीन वर्षांपूर्वी राघवचे खाते अवधूतने उघडले होते. नंबर तात्पुरता दिला होता.

"अरे, तू बदलला नाहीस?" अवधूतने विचारले.

"दादा, तू नेहमी उचलायचास ना फोन," राघव म्हणाला. "म्हणून राहून गेलं."

पोर्टलचा निर्णय तत्काळ आला, आणि तो निर्दोष होता, हे मला मान्य करावे लागते. 'ब्रोकर व कर्जदार ही एकच व्यक्ती आहे. स्वतःच स्वतःस कर्ज मिळवून देणे हा हितसंबंधांचा संघर्ष ठरतो. अर्ज फेटाळण्यात येत आहे. आपला दिवस छान जावो, अवधूत.'

यामिनीने बँकेत फोन लावला. तिथे तिला सांगण्यात आले की खात्याबद्दल फक्त खातेदाराशीच बोलता येईल, तरी अवधूत यांना फोन द्यावा. पाच वाजले. पुढच्या आठवड्यात ते घर दुसऱ्या एका जोडप्याने घेतले. नुपूरचा फोन आला, "ताई, नो वरीज, मिळेल दुसरं," असे म्हणाली आणि तिने फोन ठेवला. यामिनी कितीतरी वेळ फोन कानाला लावून उभी होती. अवधूत त्या दिवशी जेवला नाही. मला फार वाईट वाटले. ज्या मुलाने आयुष्यात कोणाला 'नाही' म्हटले नाही, त्याच्याच नावाने सगळ्यांना 'नाही' आले होते.

पोर्टलचे स्थलांतर यशस्वी झाल्याचे कार्यालयाने नंतर जाहीर केले. तक्रारींचे प्रमाण नगण्य होते. आमच्या भागातून एकच तक्रारदार नोंदवला गेला. (त्याने बारा वेळा तक्रार केली, त्यामुळे त्याला 'वारंवार तक्रार करणारा' या वर्गात टाकण्यात आले.) यामिनीचे प्रकरण विचाराधीन आहे. मॉरीनबाईंचा घरचा नंबर तिने कोठून तरी मिळवला. त्या खूप हळहळल्या, 'ओ लव्ह' म्हणाल्या, आणि शेवटी हळूच विचारत्या झाल्या, 'माझाही पेन्शनचा लॉगिन उघडत नाही, तुझा नवरा आयटीत आहे ना?'

राघवने धडा घेतला. त्याने लगेच स्वतःचा नवा नंबर बँकेला कळवला. बँकेने खात्रीसाठी जुन्या नंबरवर ओटीपी पाठवला. आम्ही जेवत होतो.

"दादा, आला का?"

अवधूतने पोळी खाली ठेवली आणि आकडे वाचले.

आता माझे सांगतो. दर नोव्हेंबरात मला पुण्याला कळवावे लागते की मी जिवंत आहे, म्हणजे पेन्शन चालू राहते. तो ओटीपी अवधूतकडे येतो. यंदा अवधूत मीटिंगमध्ये होता, आणि दुपारभर मी असून नसल्यासारखा खिडकीशी बसून राहिलो. मीटिंग संपली तेव्हा त्याने मला जिवंत केले.

तुम्ही एव्हाना हसत असाल, हरकत नाही. तुमच्या आईचे बँकखाते, काकांचे आधार, बहिणीचे गॅसबुकिंग कोणाच्या नंबरावर आहे, तेही आठवून पाहा. प्रत्येक घरात एक अवधूत असतो. तुमच्या घरातला कोण, ते तुम्हाला पटकन आठवले असेल. आठवले नसेल, तर तो तुम्हीच आहात. तेव्हा कार्यालयीन नोंदीसाठी एकच विचारतो: आत्ता हे वाचणारे आपण, एकूण किती जण आहात?