व्यंकटरावांनी भिंत धुतली

औरंगपुऱ्यात एक व्यंकटराव होते, त्यांच्या एक दमयंतीबाई होत्या, आणि दोघांच्या मधोमध एक लेक होती, वैदेही. व्यंकटराव कचेरीतून रिटायर झालेले. (कामातून म्हणायचं; हुकूम सोडण्यातून नाय.) लेकीला स्थळं यायची, चहा प्यायची, कळवतो म्हणायची आणि गंगेला मिळायची.

त्या रविवारी गंगापूरचे लोक येणार होते. मुलगा शंतनू वैदेहीच्या मनात लई भरलेला. पण सगळा फैसला त्याच्या आजीच्या, लीलाबाईंच्या हाती. दुपारी व्यंकटरावांची नजर घराच्या दर्शनी भिंतीवर गेली. धुळीनं अन् शेवाळानं पार काळवंडलेली. झालं, गाड्या धुतात तसलं प्रेशरचं मशीन त्यांनी भाड्यानं आणलं.

दमयंतीबाई म्हणाल्या, भिंत चुन्याची आहे, साबणाचं पाणी लावून कुंच्यानं हलक्या हातानं घासा. वैदेहीनं मोबाइलमध्ये बघून सांगितलं, पाइपाला रुंद तोंड लावा, लांब उभं राहा, धार तिरपी धरा. व्यंकटरावांनी दोघींचं शांतपणे ऐकून घेतलं, सगळ्यांत बारीक तोंड लावलं आणि भिंतीला नाक टेकेल इतके जवळ गेले.

धार सुटली. काळं गेलं. मागोमाग वैदेहीच्या बारशाला दिलेला गुलाबी रंग गेला. त्याखालून निळा निघाला, तो यांच्या बढतीचा. तोही बढतीसारखाच, आला म्हणेपर्यंत संपला.

ओरडायला म्हणून दमयंतीबाई बाहेर आल्या अन् उंबऱ्यातच थबकल्या. भिंतीवर गणपती होता, दोन्हीकडं केळीचे खांब होते, लाल अक्षरांत ‘शुभविवाह’ होतं, अन् खाली मुंडावळ्या बांधलेलं जोडपं. ओल्या भिंतीवर सगळं कालच काढल्यासारखं. त्यांच्याच लग्नात पेंटरनं रंगवलेलं. पैठणहून ट्रकमधून वऱ्हाड आलं होतं, केसांतल्या शेवंतीवर बोटभर धूळ, आणि उतरल्या उतरल्या त्यांनी या घरातलं पहिलं माणूस पाहिलं ते हीच भिंतीवरची नवरी. हिचं नाक आपल्यापेक्षा सरळ आहे, असं तेव्हा मनात आलं होतं. ते अजूनही सरळच होतं.

“दोन मिनिटं थांब, हेही काढतो,” व्यंकटराव म्हणाले.

“हात तर लावून बघा.”

त्यांनी हात लावला नाही. पण नवरानवरीच्या नावांची खालची ओळ आधीच पोपड्यांसकट गटारीत गेली होती. तेवढ्यात कोपऱ्यावर एक जीप आली, थांबली आणि वळून निघून गेली. लगेच फोन वाजला. लीलाबाई होत्या.

“लग्न ठरलेल्या घरी आम्हाला पोरगी बघायला बोलावलं व्हय?”

व्यंकटराव ओल्या बनियनवर जीपमागं धावले अन् पाइप पायांत येऊन दारातच आडवे झाले. वैदेहीनं त्यांना ओलांडून स्कूटी काढली. गुलमंडीच्या गर्दीत जीप अडकली होती. तिनं पदर खोचून स्कूटी आडवी घातली.

“आजी, ते लग्न माझ्या आईबाबांचं आहे. माझं अजून व्हायचंय. पोहे गार होतायत, चला.”

शंतनूनं आजीकडं बघितलं. आजी हसत होत्या.

लीलाबाई परत आल्या त्या आधी भिंतीसमोरच उभ्या राहिल्या. त्यांच्याही लग्नात असाच गणपती काढला होता म्हणे, त्यावर लेकानं टाइल्स बसवल्या. मग त्या अन् दमयंतीबाई कितीतरी वेळ बोलत राहिल्या. पोहे खरंच गार झाले. उठताना लीलाबाईंनी वैदेहीच्या हातावर साखर ठेवली. असली जीप अडवणारी सून घरात पाहिजेच, म्हणाल्या.

व्यंकटरावांनी हात जोडून विचारलं, आपली काही अपेक्षा?

“एकच हाय. आमच्या घराला आत्ताच रंग दिलाय. व्याह्यांनी तो लांबूनच बघावा.”