रणधीर मगदूमच्या हाताची मुलाखत

रणधीर मगदूमचा उजवा हात सोमवारी सकाळी एकटाच मुलाखतीला आला.

शरीर कमवायला जिममधली पोरं कसली इंजेक्शनं घेतात, याचा अभ्यास डॉ. अनघा हुपरीकर जयसिंगपुरात करत होत्या. एकही पोरगा कबूल होत नव्हता. "अंडी आणि केळी, मॅडम," एवढंच सगळे सांगत. त्यामुळे हात आल्याचं त्यांना बरंच वाटलं. त्याचा दंड खुर्चीत मावेना, म्हणून त्यांनी त्याला बाकावर बसवलं. संमतीपत्रावर सही त्याने स्वतःच केली.

"इंजेक्शन कोण देतं?"

"जिममधलाच एक जण. सुई एकच, चौघांत फिरते," हात म्हणाला. "लोक टाळ्या वाजवतात तेव्हा मलाही बरं वाटतं ओ, खोटं कशाला बोलू? पण आता खांद्याजवळ गाठ आलीय."

अनघाताईंनी गाठ दाबून पाहिली. आत पू झाला होता.

"आजच दवाखान्यात जायला हवं. मालकाला बोलवा."

तेवढ्यात रिकामी बाही खिशात खोचून रणधीर धापा टाकत दारात आला.

"मॅडम, माझा हात आलाय का इकडं?"

"आलाय. या, बसा."

"चल घरी," रणधीर हाताला म्हणाला. "रविवारी स्पर्धा आहे."

"डाव्याला घेऊन जा की."

"एकट्या डाव्याचा कुठं नंबर येतोय?"

अनघाताई रागावल्या नाहीत. "इंजेक्शनं कशी बंद करायची ते दवाखान्यातले डॉक्टर सांगतील. मनानं काही करू नका. दुसऱ्याची सुई मात्र आजपासून नको. आणि आधी ही गाठ दाखवा, नाहीतर विष अंगभर पसरेल."

"घरी सांगणार न्हाई न्हवं?"

"नाही."

रणधीर हातासमोर उकिडवा बसला. "लई दुखतंय का रं?"

"लई."

"मग आधी सांगायचंस की."

"तोंडाला सांगितलं होतं. ते म्हणालं, अंडी आणि केळी."

रणधीरला हसू आलं. मग डोळे पुसायला त्याने डावा हात वर केला. "रविवारचं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "चल, डॉक्टरकडं जाऊ."

मोटारसायकल हातच घेऊन आला होता, त्यामुळे चालवायलाही तोच बसला. रणधीर मागे बसला.

"सावकाश घे," तो म्हणाला, "पुढं खड्डा आहे."