पायथॉनने घटवलेलं वजन

लेकीच्या अंगाला अन्न लागत नाही, या काळजीनं आईच्या डोळ्याला डोळा लागेना. पोरगी अडीच वर्षांची, एक ते दहा मोजत दिवसभर सोफ्यावरून उड्या मारायची. पण उड्या मारणाऱ्या मुलांचं वजन वाढतंच, याला पुरावा काय? सासूबाईंनी फोनवर सांगितलं, पोर मांडीवर घेतलं की कळतं. (त्यांची मांडी ग्रॅमपर्यंत अचूक होती, हे इतकी वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं.)

तिनं मात्र शास्त्राची कास धरली. काट्याकडे बघितलं की तिला धडधडायचं, म्हणून ते काम नवऱ्याकडे. दर रविवारी त्यानं वजन करायचं आणि फाइलीत एका ओळीत दोन आकडे टाइप करायचे: कितवा आठवडा, किती किलो. पुढचं तिचं. पायथॉन या संगणकाच्या भाषेत तिनं लिहिलेला प्रोग्राम फाइल वाचून प्रत्येक जोडीची छोटी यादी करायचा आणि त्या छोट्या याद्या एका मोठ्या यादीत ठेवायचा, डब्यात डबे ठेवावेत तशा. मग आजचं वजन आजवरच्या सर्वांत जास्त वजनाशी ताडून तो फक्त निकाल छापायचा. आकडे नाहीत. धडधड नाही.

बरेच रविवार ‘वजन वाढले’ असं येत गेलं आणि ती माणसात राहिली. मग एकदा उमटलं: वजन घटले.

त्या दिवसापासून भातात लोणी, भाजीत लोणी. पुढच्या रविवारी पुन्हा वजन घटले. सोबतीला केळी आली. तरी घटलेलंच.

“अगं, हिला उचलताना माझी कंबर...” नवरा चाचरत म्हणाला.

“तुझ्या कंबरेचा अंदाज नकोय मला. डेटा काय म्हणतो ते बघ.”

डेटा तोच टाइप करत होता. पण शिकल्यासवरल्या बायकोच्या प्रोग्रामपुढे आपल्या डोळ्यांचं काय घेऊन बसायचं, म्हणून बिचाऱ्यानं केळी सोलायला घेतली.

शेवटी ती लेक आणि लॅपटॉप दोन्ही काखोटीला मारून दवाखान्यात पोचली. डॉक्टरबाईंनी पोरीला काट्यावर उभं केलं, समाधानानं मान हलवली, आणि समोरची आई रडवेली का हे कळेना म्हणून लॅपटॉपवरच्या फाइलीतली शेवटची वजनं मोठ्यानं वाचली. नऊ पूर्णांक नऊ. दहा पूर्णांक एक. दहा पूर्णांक चार. दहा पूर्णांक आठ.

“नऊवरून दहावर गेलं, की तुमच्या घरी त्याला घटणं म्हणतात?”

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. फाइलीतून आलेलं सगळं पायथॉनच्या लेखी नुसती अक्षरं. हे आकडे आहेत, असं त्याला बजावून सांगावं लागतं. ते राहिलं होतं. त्यामुळे तो शब्दकोशासारखं पहिलं अक्षर बघायचा: दहातल्या एकापेक्षा नऊ मोठा, म्हणून दहापेक्षाही नऊ मोठे. पोरगी अठरा किलोची झाली असती तरी तो ‘घटले’च म्हणाला असता, आणि तिनं लोणी वाढवलं असतं.

“लोणी मात्र आवरा आता,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

घरी नवरा दारातच उभा होता. काय झालं, त्यानं धास्तावून विचारलं.

“काही नाही रे,” ती चपला काढत, शब्द निवडत म्हणाली, “नऊनंतर दहा येतात, हे त्या प्रोग्रामला माहीत नव्हतं.”

लेकीनं बाबांचं बोट धरून त्यांना खाली वाकवलं आणि कानात, पण सगळ्या घराला ऐकू जाईल असं सांगितलं, “आईला दहा येत नाही. मी शिकवते तिला.”