फाटकातल्या दगडाला शिक्षा

एखादा समाज किती पुढे गेला हे त्याच्या रस्त्यांवरून ओळखू नये. ठेच लागल्यावर तो कुणाला मारतो, यावरून ओळखावे. या कसोटीला मंगरूळपीरची आमची इंग्रजी शाळा साऱ्या वऱ्हाडात पहिली येईल.

शाळेच्या फाटकाच्या मधोमध एक दगड आहे. कवाडे मिटली की त्याला टेकावीत म्हणून तो पुरला होता. कवाडे वाळवीने कधीच खाल्ली. दगडाला वाळवी लागत नाही, त्यामुळे शाळेचा तेवढाच भाग मूळ स्वरूपात उरला आहे. तो काढायचा तर 'फाटकाची दुरुस्ती' म्हणून अकोल्याहून मंजुरी हवी. आणि फाटकच नसल्यामुळे दुरुस्ती मंजूर होत नाही. दगडाला मारायला मात्र कुणाची मंजुरी लागत नाही. म्हणून जो पडेल त्याच्यादेखत दगडाला मारण्यात येते. पूर्वी हे काम पडणाराच लाथेने करी (त्यामुळे एकाच माणसाला दोनदा लागे). आता त्यासाठी वहाबमिया चपराशांना छडी दिली आहे. शेकडा नव्वद जखमींना तेवढ्याने बरे वाटते. उरलेले दहा मुख्याध्यापकांकडे तक्रार करायला येतात आणि जाताना पुन्हा पडतात.

आमचे हे, शालिग्राम मास्तर, याच शाळेत इंग्रजी शिकवतात. आमची खोली आवारातच, आणि आमचा जगदेव नुकताच चालू लागलेला. इतर बाया चांदोमामा दाखवून पोराला भरवतात. मी दगडावर डोळा ठेवून भरवते. नागपूरच्या कॉलेजात शिकल्यामुळे मला संकट आधी दिसते, एवढाच फरक. मी यांना म्हटले, "तो दगड काढायला सांगा. पोरगं पडेल एखाद्या दिवशी."

"काढून कसं चालन? 'ट्रिप ओव्हर' कायच्यावर शिकवू मंग?"

हेही खरेच. 'ट्रिप ओव्हर' हे साहेबाचे क्रियापद फार गुणी आहे. पहिला अर्थ, कशात तरी पाय अडकून पडणे (उदाहरण: दगड). दुसरा, बोलताना शब्दाशब्दाला अडखळणे (उदाहरण: इन्स्पेक्टरसाहेबांपुढे आमचे मुख्याध्यापक, हे उदाहरण फळ्यावर लिहीत नाहीत, घरी सांगतात). तिसरा, एखादी वस्तू इतकी उदंड असणे की पावलोपावली पायात यावी (उदाहरण: शाळेच्या समित्या). आणि साहेबाची मर्जी राखताना स्वतःच्याच पायात पाय अडकणे, हा अर्थ आमच्या गावात शिकवावा लागत नाही.

परवा मी तव्यावरची भाकरी उलटायला वळले, तेवढ्यात जगदेव निघाला आणि दगडावर तोंडघशी पडला. मी धावले. माझ्याआधी शाळा धावली.

"हात मेल्या! आमच्या बाबूले पाडतं काय?" म्हणत वहाबमियांनी दगडाला झोडपायला सुरुवात केली.

"जोरानं मार वहाब," मुख्याध्यापक उकंडराव म्हणाले, "मास्तरीणबाई पाहून राह्यल्या."

आमच्या यांनी तोवर अख्खा वर्ग बाहेर आणला होता. "पोट्टेहो, नीट पाहून घ्या. पहिला अर्थ."

"आता हसा, बाई," घाम पुसत वहाबमिया मला म्हणाले, "लय मारलं त्याले."

"पण तो काढा ना!" मी ओरडले.

उकंडराव गंभीर झाले. "काढला तं पोराले पाडल्याची शिक्षा कोणाले द्याव? तुमाले?"

त्याच दुपारी समिती बसली. सुशिक्षित महिला म्हणून मलाही बोलावणे आले. ठराव झाले ते असे: दगड दुरून दिसावा म्हणून त्याला चुना लावावा. छडी बदलून वेताची द्यावी. पडणाऱ्याने मार पुरा होईपर्यंत जागा सोडू नये. कडेवरचा जगदेव रडत असल्यामुळे ठराव दोनदा वाचावे लागले. तरीही कामकाज शांततेत पार पडल्याची नोंद झाली.

चुन्याचा उपयोग झाला. आता लोक दगड लांबून पाहतात, त्याच्याकडे बघत बघत येतात, आणि पडतात.

आपणही, वाचकहो, इथवर नीट वाचलेत. मंजुरी कुठे अडली, छडी कसली, क्रियापदाचा दुसरा अर्थ काय, हे सारे आपल्या ध्यानात असेल. पोराला लागले किती, हे सभेत एकानेही विचारले नाही.

आपण तरी कुठे विचारलेत?