मगदूम सर आणि बकऱ्याचं नरडं

आमचे मगदूम सर कांदा-लसूणसुद्धा खात नसत, पण रोज सकाळी सांगलीतल्या रज्जाकभाई खाटकाच्या दुकानात पहिलं गिऱ्हाईक तेच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघं औषधशास्त्राच्या कॉलेजात शिकवायचो. सर पक्के जैन. थर्मासात कोमट मिठाचं पाणी, त्यात बकऱ्याची श्वासनळी, आणि सर सायकलवर.

"सर, एकदा पावशेर मटण तरी न्या की," रज्जाकभाई चेष्टा करायचे.

"मला खायचं न्हाई, रज्जाक. विचारायचं हाय!"

विचारायचं ते एवढंच, की ओव्याच्या तेलानं दमेकऱ्याची छाती खरंच मोकळी होते का? नळीच्या कड्या कापून, दोऱ्यानं जोडून सर त्या कोमट पाण्यात टांगायचे. आधी नळी आवळणारं औषध टाकलं की ती आखडायची, तिला जोडलेली काडी काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढत वर चढायची. मग ओव्याच्या तेलाचा थेंब. काडी हळूहळू खाली.

"सोडलं! गड्यानं सोडलं!" सरांची आरोळी पार जिन्यापर्यंत जायची. आतड्याच्या तुकड्यावरही तेच. पोटात कळ आली की घरोघरी ओवा का देतात, ते त्या रेघेत दिसायचं.

एकदा सरांच्या गल्लीतले तीन वडीलधारे थेट प्रयोगशाळेत आले. त्यातले एक काका सरांना म्हणाले,

"बाळासाहेब, हे बंद करा. पाप लागंल."

"आवं काका, मी मारत न्हाई. मेलेल्याला विचारतो."

"मग मंदिरात अभिषेकाला येऊ नका."

"न्हाई येत," सर म्हणाले. "पण काका, तुमाला दमा हाय. जाताना ही रेघ तेवढी बघून जावा."

काका न बघता गेले. सरांनी दुसऱ्या दिवशी दोन नळ्या आणल्या.

भाद्रपदात जैनांचा क्षमेचा दिवस आला. त्या दिवशी सगळे घरोघरी जाऊन एकमेकांची क्षमा मागतात. सर दिसेनात म्हणून मी कॉलेजच्या मागं गेलो. सर उकिडवे बसून, आदल्या दिवशीचे तुकडे खड्ड्यात ठेवून माती लोटत होते. मग त्यांनी हात जोडले.

मला बघून ते ओशाळले. "वर्षभर लय जणांच्या गळ्याला हात लावला. त्यांची तर मागायला पायजे." मग खड्ड्याकडं बघत म्हणाले, "बाकी माज्या दारात यंदा कोण आलं न्हाई."

मी चपला काढल्या, हात जोडले. "उत्तम क्षमा, सर."

सरांनी मातीचे हात तसेच जोडले.