अंबुभाईंचा खुराक

"किती दिवस घ्यायच्या या गोळ्या?" अंबुभाई पटेलांनी विचारलं.

"आयुष्यभर," आहारतज्ज्ञ हेतलबेन म्हणाल्या.

"ते कळलं. पण साधारण किती दिवस?"

हेतलबेननी मृदुलाबेनकडे पाहिलं. मृदुलाबेन छताकडे बघत होत्या. तेहेतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने दुकानदाराशी बोलायला तोंड उघडलं की छताकडे बघायची त्यांना सवय झाली होती, आणि अंबुभाईंच्या लेखी जगातला प्रत्येक माणूस दुकानदारच होता.

पेटलादच्या बाजारात अंबुभाईंचं पाण्याच्या पंपांचं दुकान होतं आणि वजन होतं एकशे एकतीस किलो. पोट कापून लहान करायची शस्त्रक्रिया त्यांनी अहमदाबादला जाऊन करून घेतली ती गुडघे वाचवायला, किंवा साखर उतरवायला, असा डॉक्टर पारीखांचा समज होता. खरं कारण वेगळं होतं. विम्याचा हप्ता सतरा वर्षं भरून एक पैसा वसूल झाला नव्हता. कंपनी या ऑपरेशनचे साडेतीन लाख देते असं कळल्यावर अंबुभाई ज्या चपळाईने टेबलावर चढले, ती पाहून भूल देणारे डॉक्टरही चकित झाले होते.

पण गोळ्यांना विमा नव्हता.

"हे बघा," हेतलबेननी पुन्हा समजावलं. "आता पोट एवढुसं राहिलंय. जेवणातून अंगाला सगळं मिळणार नाही. एक मल्टिव्हिटॅमिन, एक कॅल्शियम, एक लोह आणि ही बी-ट्वेल्व्ह, जिभेखाली ठेवायची. लोह आणि कॅल्शियम एकत्र नाही घ्यायचं, मध्ये दोन तास जाऊ द्यायचे. सगळं मिळून महिन्याला बत्तीसशे होतील."

"आणि रोख दिले तर?"

"अंबुभाई, मी विकत नाही. मी फक्त लिहून देते."

"मग लिहिताना जरा हात आखडून लिहा ना बेन!"

घरी परतताना गाडीत ते धुमसत होते. "जेवण बंद केलं यांनी माझं. तीन चमचे खिचडीत पोट भरतं. आणि न जेवण्याचे महिना बत्तीसशे? अगं, जेवत होतो तेव्हा निदान चव तरी लागायची!"

"मग घ्यायच्या ना गोळ्या?" मृदुलाबेननी विचारलं.

"घ्यायच्या. पण आधी भाव काढू."

भाव काढण्यात दोन महिने गेले. पेटलादमधले चार केमिस्ट झाले, आणंदमधले तीन झाले. बोरसदचे जयंतीभाई, ज्यांचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं होतं, त्यांच्याकडे जाऊन अंबुभाईंनी त्यांची बाटली हातात घेऊन पाहिली, चष्मा लावून पाठीमागचं बारीक अक्षर वाचलं आणि "फसलात तुम्ही" असं सांगून चहा न पिता परत आले. चहा त्यांना तसाही अर्धा कपच जात असे.

मग त्यांना न्यू जर्सीची बहीण आठवली. अमेरिकेत या गोळ्या चण्या-फुटाण्यासारख्या मिळतात असं त्यांनी ऐकलं होतं. फोन झाला. बहिणीने आनंदाने एक मोठी बरणी घेतली आणि ओळखीच्या कुणा किरीटभाईंबरोबर पाठवली. किरीटभाईंना विमानतळावरून आणायला गाडी करावी लागली. ते दोन दिवस राहिले, कारण त्यांच्या गावी जाणारी वाट पेटलादवरून जाते असं त्यांचं म्हणणं होतं. जाताना बहिणीसाठी सहा किलो मठियाचे पापड, चार बरण्या आंब्याचा छुंदा, अकरा शिवलेले ब्लाउज आणि भाचीच्या पोरीसाठी चांदीचे वाळे गेले.

"फुकटात वर्षाची बेगमी!" असं म्हणत अंबुभाईंनी बरणी उघडली. आत लाल, पिवळी, हिरवी अस्वलं होती. मऊ, साखरेत घोळलेली, चघळायची.

मृदुलाबेननी बरणीचा फोटो हेतलबेनना पाठवला. दोन मिनिटांत फोन आला. "ही लहान मुलांची आहेत. यात लोह नाहीच. आणि साखर भरपूर. त्यांना म्हणावं, एकही खाऊ नका."

अंबुभाईंनी तोवर पाच अस्वलं खाल्ली होती. लहान केलेल्या पोटात एवढी साखर एकदम गेल्यावर जे होतं ते झालं. घाम फुटला, छाती धडधडली, आणि दुकानात दोन हॉर्सपॉवरचा पंप बघायला आलेल्या गिऱ्हाइकाने त्यांना तिथेच आडवं करून वहीने वारा घातला. शुद्धीवर येताच त्यांनी आधी त्याला पंप विकला.

पण प्रकृती हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती. उशीवर रोज सकाळी केसांचे पुंजके दिसू लागले. तळपायांना मुंग्या येत. जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबून कठडा तपासत असल्याचं नाटक करत.

"अहो, पाय गार पडतात तुमचे," मृदुलाबेन म्हणाल्या. "हात जोडते, त्या गोळ्या आणा."

"आणतो, आणतो. एक शेवटची जागा बघायची राहिलीय."

ती शेवटची जागा म्हणजे गावाकडची दूधमंडळी, म्हणजे दूध गोळा करणारी सोसायटी. तिथे त्यांचा चुलतभाऊ रावजी गुरांचा दवाखाना सांभाळायचा. रविवारी ते त्याच्याकडे बसले असताना समोर एक पोतं दिसलं. पोत्यावर म्हशीचं चित्र आणि खाली यादी. कॅल्शियम. फॉस्फरस. जस्त. तांबं. लोह. आयोडीन. कोबाल्ट.

अंबुभाईंनी खिशातून हेतलबेनची चिठ्ठी काढली. पोत्याला लावून धरली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रावजी, हे काय आहे?"

"मिनरल. म्हशीला देतात. दूध वाढतं."

"कसं देतोस?"

"पाच किलो चारशे."

"पाच किलो!" हेतलबेनचं औषध ग्रॅमच्याही खाली, मिलिग्रॅममध्ये मोजलेलं होतं. "आणि माणसाने घेतलं तर?"

रावजीने विचार केला. "दूध नाही वाढणार."

त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर अंबुभाईंनी त्रैराशिक मांडलं. म्हैस पाचशे किलोची, तिला पन्नास ग्रॅम. आपण एकशे दहा किलोचे. म्हणजे अकरा ग्रॅम.

"अहो, हा गुरांचा खुराक आहे!" मृदुलाबेन ओरडल्या.

"गुरं आजारी दिसतात का तुला? शेजारच्या रेवाबेनची म्हैस बघ. केस बघ तिचे. माझे बघ." त्यांनी पोतं तिच्यासमोर सरकवलं. "सकाळ-संध्याकाळ ताकात घालून देत जा. आणि कुणाला बोलू नकोस. मागणी वाढली की रावजी भाव वाढवेल."

मृदुलाबेननी पोतं उचललं, स्वयंपाकघरात नेलं, आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून ताक सुरू झालं. चव वाईट होती, त्यामुळे अंबुभाईंची खात्री पटली. दुपारच्या लिंबाच्या सरबतालाही जरा गंजल्यासारखी चव लागे. ते म्हणत, भांडं बदल. शिवाय मृदुलाबेन माहेरची म्हणून एक लालसर हाजम्याची गोळी जिभेखाली ठेवायला देत. ती फुकट असल्यामुळे अंबुभाई कधी विसरत नसत.

महिनाभरात मुंग्या थांबल्या. तीन महिन्यांत डोक्यावर नवे केस दिसू लागले. वजन उतरत राहिलं आणि अंबुभाई जिना चढताना शिट्टी वाजवू लागले. केमिस्टच्या दुकानावरून जाताना ते मुद्दाम थांबून आत बघत आणि मान हलवून पुढे जात. लुटारूंकडे कीव करून बघावं तसं.

ऑपरेशनला वर्ष झालं तेव्हा इस्पितळाने अहमदाबादला पेशंटांचा मेळावा ठेवला. रक्ततपासणी फुकट, जेवणही फुकट. अंबुभाई सकाळी सातला निघाले. जेवणात तीन मिठाया होत्या आणि पोटात जागा चार घासांची. फुकटच्या ताटापुढे असं हात बांधून बसायची वेळ देवाने वैऱ्यावरही आणू नये, असं ते मृदुलाबेनना दोनदा म्हणाले.

जेवणानंतर डॉक्टर पारीख माईकवर आले. "आज ज्यांचे रिपोर्ट तपासले, त्या सगळ्यांत उत्तम रिपोर्ट आहे पेटलादच्या अंबुभाई पटेलांचा. लोह उत्तम, बी-ट्वेल्व्ह उत्तम, कॅल्शियम उत्तम. एकशे एकतीसचे शहाऐंशी किलो. अंबुभाई, वर या! सांगा सगळ्यांना, गोळ्या नियमित घेण्याचं महत्त्व."

टाळ्या झाल्या. अंबुभाईंनी माईक हातात घेतला, कोटाची बटणं लावली.

"भाईंनो आणि बेनांनो," ते म्हणाले, "मी एकही गोळी घेतलेली नाही."

डॉक्टर हसले. त्यांना विनोद वाटला.

"बत्तीसशे रुपये महिना! लुटतायत तुम्हाला. मी घेतो हे." आणि त्यांनी कोटाच्या खिशातून पोत्याचा कापून ठेवलेला, म्हशीचं चित्र असलेला तुकडा काढून सभागृहाला दाखवला. "पाच किलोत वर्ष निघतं. रिपोर्ट तर डॉक्टरसाहेबांनी स्वतः वाचून दाखवला!"

सभागृहात खुर्च्या सरकल्या. डॉक्टर पारीख "अहो, थांबा, थांबा" म्हणत होते, पण रिपोर्ट त्यांच्याच हातात होता. लोक मोबाइल काढून म्हशीचे फोटो घेऊ लागले.

"अंबुभाई, मिळतं कुठे?" बोरसदचे जयंतीभाई पहिल्या रांगेतून ओरडले. वर्षभर प्रामाणिकपणे गोळ्या घेऊन ते आता स्वतःला महामूर्ख समजत होते.

"मी पाठवतो ना! पाच किलो सहाशे. घरपोच." चारशेचे सहाशे करायला अंबुभाईंना श्वासही घ्यावा लागला नाही. "नावं सांगा, लिहून घेतो."

सतरा नावं झाली. एक बाई आपल्या सासूसाठीही मागत होती. सासूचं ऑपरेशन झालेलं नव्हतं.

मृदुलाबेन सातव्या रांगेत बसल्या होत्या. खरं बोलावं तर घरातलं सगळं गाडं पुन्हा उशीवरच्या केसांवर येणार. गप्प राहावं तर सतरा माणसं उद्यापासून म्हशीचा खुराक खाणार. त्यांनी समोरच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या हेतलबेनकडे पाहिलं. हेतलबेनचा चेहरा पांढरा पडला होता.

मृदुलाबेन उठल्या. आयुष्यात कधी व्यासपीठावर न चढलेली ती बाई सरळ वर गेली आणि नवऱ्याच्या हातातून माईक घेतला.

"नावं खोडा," त्या म्हणाल्या. "यांनी ते चिमूटभरसुद्धा खाल्लेलं नाही. पोत्यातलं सगळं पहिल्याच दिवशी मी रेवाबेनच्या म्हशीसाठी देऊन टाकलं."

"काय?" अंबुभाई म्हणाले.

"ताकात मल्टिव्हिटॅमिन आणि कॅल्शियम कुटून घालत होते, वेगवेगळ्या वेळी. दुपारी सरबतात लोह. हाजम्याची गोळी म्हणजे बी-ट्वेल्व्ह. या हेतलबेनना विचारा, त्यांनीच फोनवर सगळं सांगितलं, कुठली कुटायची, कुठली नाही."

हेतलबेननी जोरजोरात होकारार्थी मान हलवली.

"त्या म्हशीचं दूध मात्र वाढलं," मृदुलाबेन म्हणाल्या, माईक डॉक्टरांच्या हातात दिला आणि खाली उतरल्या.

एवढा मोठा हशा त्या सभागृहात कधी पिकला नसेल. टाके नवे असलेले काही जण पोट धरून "नका, नका" म्हणत होते. जयंतीभाईंनी उभं राहून आपली बाटली सगळ्यांना दाखवली. अंबुभाई हातातली सतरा नावांची यादी घडी घालत राहिले, उलगडत राहिले.

परतीच्या वाटेवर खेडा गाव मागे पडेपर्यंत ते बोटांवर हिशेब करत होते. पाठीमागे सूर्य कलला होता आणि तंबाखूच्या शेतांवर पिवळं ऊन पडलं होतं.

"नऊ महिने," शेवटी ते म्हणाले. "महिना बत्तीसशे. पैसे कुठून आणलेस?"

"तुमच्याकडूनच. अकरा पोळ्या खाणारा माणूस अर्धी खायला लागला. तूप, तेल, आमरस, फरसाण, तुमच्या एकट्याच्या पोटाचे महिन्याला पाच हजार वाचत होते. घरखर्च कमी करायचं तुमच्या लक्षातच आलं नाही."

अंबुभाईंनी डोळे मिटले. हा घाव सभागृहातल्या हशापेक्षा खोल होता. वर्षभर पाच हजार जादा दिले, स्वतःच्या हाताने, मोजून!

मग त्यांचे डोळे उघडले. "पाचातून बत्तीसशे गेले. अठराशे उरले. ते कुठायत?"

"माझ्या गोळ्या."

"तुझ्या कसल्या?"

"गुडघ्यांच्या. हाडं ठिसूळ झालीत म्हणून डॉक्टरांनी लिहून दिल्या होत्या. चार वर्षं झाली. तुम्ही म्हणालात, भाव काढू."

अंबुभाई खिडकीबाहेर बघू लागले. भाव काढल्याचं त्यांना आठवत नव्हतं. गोळ्या लिहून दिल्याचंही नाही. मृदुलाबेनना क्षणभर वाटलं की माणूस खरंच खजील झाला असावा. अंबुभाईंनी हात पुढे करून बायकोच्या गुडघ्यावर ठेवला, हळूच, जसा एखाद्या नव्या पंपावर ठेवतात.

"दुखतात अजून?"

"आता कमी."

"हं." पेटलादचा फाटा आला. अंबुभाईंनी घसा साफ केला. "मृदुला, मी काय म्हणतो. दोघांच्या गोळ्या एकाच दुकानातून घेतल्या, तर तो दहा टक्के तरी सोडेल की नाही?"

"बारा सोडतो," मृदुलाबेन म्हणाल्या. "पहिल्या महिन्यापासून."